सुलक्षणाचा पोल आणि जयसिंगचा स्लॅब

माझ्या भावाला मी लहानपणापासून गाढव म्हणत आले. पण स्वतःच्या हातानं टाकलेल्या स्लॅबला तो स्वतःच्याच तोंडानं कच्चा म्हणेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. सगळं सांगते, पण आधी त्याच्या बायकोचं सांगायला पाहिजे, कारण हे सगळं तिचंच आहे.

सुलक्षणा माझी भावजय. वय अडतीस. कुरकुंभच्या एमआयडीसीत एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला आहे, सोळा वर्षं झाली. एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा दुसरी. केडगावात तिचं आणि माझं घर भिंतीला भिंत लागून, आणि माझ्या पुढच्या खोलीत माझं शिलाईचं दुकान. तिची लेक तेजश्री बारामतीला होस्टेलवर. बाई बोलायला कमी. कुणाच्या हळदीत बायका नाचायला ओढून न्यायला लागल्या की ही पाणी आणायला म्हणून जी जायची, ती थेट जेवणाच्या पंगतीतच दिसायची.

माझा भाऊ जयसिंग स्लॅबची कामं घेतो. सेंट्रिंगच्या प्लेटा त्याच्या, खालून टेकू द्यायचे जॅक त्याचे, माणसं त्याची. दौंड आणि शिरूर दोन्ही तालुक्यांत त्यानं टाकलेले स्लॅब आहेत. त्यातला एकही गळत नाही, आणि हे तो स्वतः इतक्या वेळा सांगतो की मी आता कान झाकून घेते.

मागच्याच्या मागच्या दिवाळीत सुलक्षणा दुकानात आली आणि मशीनवर माझ्या हातापुढं मोबाईल धरला. "ताई, हे बघा." बघते तर एक बाई, माझ्याच वयाची असेल, जमिनीपासून छतापर्यंत उभ्या असलेल्या चकचकीत पाईपवर उलटी लटकलेली. पायांनी पाईप आवळलेला आणि दोन्ही हात मोकळे सोडलेले.

"कोण ही?"

"मला काय माहीत. पण मला हे करायचंय."

"कशाला? पाठ दुखते का तुझी? डॉक्टरनं सांगितलं का?"

"नाही हो. मला असं उलटं होऊन हात सोडायचेत. बास."

मी तोंडातली टाचणी काढून ठेवली, नाहीतर गिळली असती. म्हटलं, "डोकं फिरलं का तुझं? आधी वाकून पायाचा अंगठा धरून दाखव." ती वाकली. बोटं गुडघ्याच्या जरा खाली गेली आणि तिथंच अडकली. वरून म्हणते कशी, "ह्याच्या खाली रस्ताच नाही." दोघी पोट धरधरून हसलो. मला वाटलं, विषय संपला.

कसला संपतोय! दुसऱ्या दिवसापासून बाईनं हॉलमध्ये गोधडी अंथरली. मोबाईलवरच्या बाईनं सांगितलं होतं म्हणे, आधी अंग मोकळं करायचं, मग पोल, म्हणजे तो उभा पाईप. पोल डान्स म्हणतात ह्याला. भिंतीला पाय लावून पडायची, पाय फाकवून बसायची, तीस आकडे मोजायची. पुढं-मागं पाय ताणून खाली बसायचा तो प्रकार, त्यासाठी हातांखाली दोन विटा घ्यायची, माझ्याकडच्या अस्तराच्या कापडात गुंडाळलेल्या. मी शिलाईवाली. माझ्यानं राहवेना. टेप काढला आणि जमिनीपासून ती किती वर राहते ते मोजलं. अकरा इंच. मापाच्या वहीत लिहून ठेवलं. दर रविवारी मोजायचे. दहा, साडेनऊ, साडेनऊ, साडेनऊ. एक महिनाभर साडेनऊवरच गाडी अडली, तेव्हा तिच्यापेक्षा माझाच जीव खालीवर व्हायला लागला. मग एका रविवारी एकदम आठ. त्या दिवशी मी दुकान अर्धा तास उशिरा उघडलं.

पोलचं तिनं जयसिंगला सांगितलं तेव्हा मला वाटलं आता घर डोक्यावर घेणार. पण त्याचं एक आहे, काम समोर आलं की तो आधी काम बघतो. दहा फूट उंची, बाईचं वजन, वरून गरगर फिरणार. म्हणाला, "स्लॅबच्या पोटाला नको, बीमखाली लावू." इनुसभाईंचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे, त्यांच्याकडून जाड गेजचा स्टीलचा पाईप आणला. खाली स्लॅबच्या जॅकचं आटे असलेलं बूड जोडून घेतलं, म्हणजे फिरवलं की पाईप वर दाबला जातो आणि जमीन आणि बीम यांच्यात घट्ट बसतो. वर गोल प्लेट, खाली रबर. ओळंबा लावून सरळ आहे का तेही पाहिलं. इनुसभाईंना सांगितलं, व्यायामाचा खांब आहे.

मग आम्हा दोघींसमोर उभा राहून म्हणाला, "हे बघा, डान्स हा शब्द या घराबाहेर जाता कामा नये. आपल्याकडं बाई नाचते म्हटलं की लोक काय समजतात ते सांगायला नको. दार बंद, पडदा बंद, मगच करायचं." सुलक्षणा व्हय म्हणाली. ती सराव करायला लागली की तो चपला घालून बाहेर निघून जायचा.

सुरुवातीला मी तिला घोट्यापर्यंतची चांगली गुळगुळीत पँट शिवून दिली. पोलवर चढली आणि सुर्रकन खाली आली, धपकन बसली. तेव्हा कळलं की पाईप धरतं ते कातडं, कापड नव्हे. मग चड्डी शिवली, आखूड. ती घालून पहिल्यांदा आतल्या खोलीतून बाहेर आली तेव्हा दोन्ही हातांनी मांड्या झाकत होती. म्हटलं, "अगं, हात असे ठेवलेस तर चढशील कशानं?" अंघोळीनंतर पायाला तेल लावायची सवयही सोडावी लागली. तेलकट पायानं एकदा चढली आणि कोपर खरचटून घेतलं.

मांड्यांवर काळेनिळे डाग पडायचे. कंपनीत बायका कपडे बदलून गाऊन घालतात, तिथं तिच्या लाईनवरच्या फरीदानं ते पाहिले. बाजूला घेऊन हळूच विचारलं, "सुलक्षणा, घरात मारतात का गं? माझा भाऊ पोलिसात आहे, घाबरू नको." सुलक्षणाला हसू आवरेना. शेवटी फरीदाला खरं सांगावं लागलं. फरीदानं कुणाला सांगितलं नाही, पण दर सोमवारी विचारायची, "हात सुटले का?"

नव्हते सुटत. बाकी सगळं जमलं. चढायची, वर मांडी घालून बसायची, एका हातानं गोल फिरायची. पाय ताणून जमिनीला टेकली, शून्य इंच, त्या दिवशी मी वहीत शून्याला गोल करून ठेवला. उलटी पण व्हायला लागली. खाली गादी, गादीवर मी, हात वर करून उभी. पण हात सोडायची वेळ आली की बोटं पाईपला चिकटून बसायची. म्हणायची, "ताई, डोकं म्हणतं सोड, हात ऐकत नाहीत." असे चौदा महिने गेले.

या एप्रिलमध्ये गॅसवाला आला. एरवी टाकी दारातच घ्यायचो, आत कुणाला येऊ देत नव्हतो. सुलक्षणा पाळीवर, दाराला कडी नाही, जयसिंग अंघोळीला. गॅसवाल्यानं टाकी आत आणून ठेवली आणि हॉलच्या मधोमध, बीमखाली, आटे असलेल्या बुडाचा पाईप बघितला.

इथं एक सांगते. स्लॅब टाकला की खाली जॅक लावतात आणि एकवीस दिवसांनी काढतात. त्यानंतर राहत्या घरात कुणाला बीमखाली जॅक दिसला, तर त्याचा एकच अर्थ. स्लॅब बसतोय. आणि हे घर कुणाचं? जो दोन तालुक्यांत स्लॅब टाकत फिरतो त्याचं!

दोन दिवसांत चौफुल्यापर्यंत गेलं. हार्डवेअरच्या दुकानात चार माणसांसमोर एकानं विचारलं, "काय जयसिंगराव, घरातच जॅक लावायची पाळी आली म्हणं?" आणि आमच्या शहाण्यानं काय उत्तर द्यावं? "हा, बीमला जरा आधार दिलाय. तात्पुरता."

घरी येऊन त्यानं हे सांगितलं आणि मी कपाळावर हात मारला. "अरे, तुझी अक्कल काय त्या प्लेटांखाली दाबून ठेवलीस का? बायको व्यायाम करते एवढं सांगता येत नव्हतं?"

"व्यायाम म्हटलं की विचारतील कसला. मग काय सांगू, आक्का? बायको नाचते म्हणून सांगू?"

सुलक्षणा स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. थापायचा आवाज थांबला. मला त्या क्षणी त्याच्या श्रीमुखात द्यावीशी वाटली.

पाटसच्या एकानं बोलून ठेवलेलं काम पुढं ढकललं. दुसऱ्यानं फोन उचलणं बंद केलं. आणि मग केंदूरचे हौशीराम आबा. त्यांच्या दोन मजली घराचा स्लॅब जयसिंगकडं होता, शनिवारची तारीख ठरलेली. त्यांचा फोन आला, "थांब जरा. मला कळवल्याबिगर प्लेटा भरू नगं." केंदूरचं काम गेलं असतं तर शिरूरकडं पुन्हा कुणी त्याला उभं केलं नसतं. हौशीराम आबांच्या शब्दावर तिकडची दहा घरं चालतात.

जयसिंग जेवेना. सुलक्षणा म्हणाली, "काढून टाका पोल. इनुसभाईंना बोलवा." आवाजात रडणं नाही, राग नाही, काही नाही. तेच मला सहन होईना. मी म्हटलं, "काढून काय होणार? आता लोक म्हणतील, जॅकपण काढला, घर कधीही बसतंय." खरंच होतं ते. ठेवला तर स्लॅब कच्चा, काढला तर मालक लबाड. आणि तिचा हात अजून सुटायचा राहिलेला.

रविवारी सकाळी साडेदहाला दारात गाडी थांबली. हौशीराम आबा, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या कारभारीण कुशाबाई. दौंडला लेकीकडं आलो होतो, म्हणाले, जाताना म्हटलं डोळ्यांनीच बघावं. सत्तरी पार केलेला माणूस, पण आत आल्या आल्या पाणीसुद्धा न घेता बीमकडं मान वर करून उभा राहिला.

"काढ त्यो जॅक," आबा म्हणाले.

"आबा..."

"माझ्यासमोर काढ. बघू तुझा स्लॅब बसतो का राहतो."

जयसिंगनं पान्हा आणला. बूड सैल केलं, पाईप आडवा करून भिंतीला लावला. आम्ही सगळे वर बघत उभे. वर काय होणार? बीम जिथल्या तिथं. आबांनी पाच मिनिटं वाट बघितली, कुशाबाईंनी तर दोन पावलं मागं सरून दार गाठलं होतं.

"बरं," आबा म्हणाले. "स्लॅब तर बसला न्हाई. मग जॅक लावला कशापायी? आन् चार माणसांत आधार दिला म्हणून का सांगितलंस? एक तर तवा खोटं बोललास, न्हाईतर आता काय तरी लपवतोयस. ज्याचं बोलणं पक्कं न्हाई त्याचं काँक्रीट मी कसं पक्कं धरू? खरं सांग, न्हाईतर आम्ही निघालो."

जयसिंगनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, माझ्याकडं काय बघतोस, आणि तोंड फिरवलं. स्वयंपाकघराच्या दारात सुलक्षणा उभी होती, चहाचा ट्रे हातात. त्यानं तिच्याकडं बघितलं.

"आबा, तो जॅक नाही. सुलक्षणा त्याच्यावर नाचते."

मी मनात म्हटलं, गेलं केंदूर.

"कशावर नाचती?" कुशाबाई दारातून.

"ह्या पाईपवर, काकू. चढते, उलटी होते, फिरते. मीच बसवून दिलाय."

"पाईपवर?" कुशाबाई परत आत आल्या.

आबांनी मिशीवर हात फिरवला. मला वाटलं आता वहाणा घालणार. पण त्यांनी विचारलं, "रोज?"

"पाळीवरून आली की रोज."

"किती दिस झालं?"

"चौदा महिने."

"आन् हिसकं बसत असतील की बीमला."

"बसणारच ना आबा. फिरते ती."

आबांनी स्टूल मागितलं. वर चढले, चष्मा लावला, मोबाईलचा उजेड पाडला. प्लेट जिथं दाबून बसायची तिथं गोल डाग होता, बाकी काही नाही. अंगठ्याच्या नखानं प्लास्टर खरवडून बघितलं. दोन्ही बाजूंना हात फिरवला. "च्या मायला," म्हणाले, "केसाएवढा तडा न्हाई."

खाली उतरले ते वेगळाच माणूस होऊन. "लाव परत. मी वर स्लॅबवर जाऊन उभा राहतो, अनवाणी. पोरीचं जे काय असंल ते तिला खाली करू दे. पायाला जरा जरी हादरा लागला तर काम इसर. न्हाई लागला तर शनवारी प्लेटा घेऊन ये. चल तूबी वर."

जयसिंग म्हणाला, "आबा, तिला विचारायला..."

"लावा पोल," सुलक्षणा म्हणाली. ट्रे माझ्या हातात देऊन ती आतल्या खोलीत गेली.

पोल लागला, ओळंबा बघून झाला, दोघं पुरुष जिन्यानं वर गेले. कुशाबाई काही हलेनात. "मी न्हाई जायची उन्हात. मी बघणार." सुलक्षणा चड्डीत बाहेर आली. कुशाबाईंनी पदर तोंडाला लावला, वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि म्हणाल्या, "घामानं निसटत न्हाई का गं?"

"निसटतं. म्हणून खडूची पूड लावते."

"हां," कुशाबाई म्हणाल्या आणि खुर्ची जवळ ओढून बसल्या.

मी गादी सरकवली आणि हात वर करून उभी राहिले. सुलक्षणा चढली. एक गिरकी घेतली, मग दुसरी. कुशाबाईंची मान तिच्याबरोबर फिरत होती. मग ती उलटी झाली, पाय आवळले, वेणी खाली लोंबायला लागली. चेहरा लालभडक. मला वाटलं, एवढ्यावर थांबेल, आज कशाला धोका. तेवढ्यात तिनं माझ्या डोळ्यांत बघितलं.

"ताई, सोडते."

आणि सोडले. दोन्ही हात. बोटं मोकळी, तळवे माझ्या तळव्यांपासून वीतभर वर. मी आकडे मोजायला लागले, सातापर्यंत गेले आणि पुढचे विसरले. कुशाबाई खुर्चीतून उठल्या होत्या. "सोडलं गं बाई हात! दोन्ही सोडलं!"

वरून आबांचा आवाज आला, "अरं सुरू कर म्हणावं तिला! तळवं भाजाय लागले इथं!"

मी ओरडले, "झालं आबा! कधीच झालं!"

मग आबांचं हसू ऐकू आलं, आधी हळू, मग ठसका लागेपर्यंत. माझा जीव असा भांड्यात पडला की मी गादीवरच बसले. सुलक्षणा सरकत खाली आली आणि माझ्या शेजारी आडवी झाली, हसत होती आणि डोळ्यांतून पाणी कानात जात होतं. मी तिचे हात चोळत राहिले, खडूनं पांढरे झालेले. लग्न होऊन आल्यापासून तिला कधी इतकं मोठ्यानं हसताना ऐकलं नव्हतं.

तिनं साडी नेसल्यावर मग दोघं खाली आले, आबा एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत. "शनवारी," जयसिंगच्या पाठीवर थाप मारून म्हणाले. "आन् कुणी इचारलं तर माझ्याकडं धाडून दे. मी सांगतो तुझा स्लॅब काय काय सोसतो ते." कुशाबाई म्हणाल्या, "तुम्ही काय सांगणार, वर उभं राहून? बघितलं ते मी." सुलक्षणाच्या गालावरून दोन्ही हात फिरवून त्यांनी कडाकडा बोटं मोडली. मग बसून सगळ्यांनी गार झालेला चहा घेतला आणि ते केंदूरला निघाले.

गाडी वळेपर्यंत जयसिंग दारात उभा होता. आत आला तरी बसेना. पाईपला हात लावून बघितला, वर बघितलं, गादीकडं बघितलं.

"खरंच सोडलेस हात?"

"सोडले."

"दोन्ही?"

"व्हय."

चौदा महिन्यांत हा माणूस एकदाही खोलीत थांबला नव्हता. त्यानं दार लावलं, पडदा ओढला. चपला काढून कोपऱ्यात ठेवल्या आणि गादीजवळ आला.

"आक्का, तू हो बाजूला," तो म्हणाला. मग तिला म्हणाला, "परत कर. खाली मी उभा राहतो."

मी बाजूला झाले.